पहिले स्वयंपाकघर : साठवण किती आणि कोणासाठी

नव्या बिऱ्हाडाचे पहिले स्वयंपाकघर दोन याद्यांनी उभे राहते. पहिली भांड्याकुंड्यांची: गॅसची शेगडी, कुकर, तवा, कढई, परात, पोळपाट-लाटणे, उलथने, सांडशी, पळी, चाळणी, किसणी, सुरी, मिसळणाचा डबा, पाण्याचा माठ. दुसरी वाण्याकडे द्यायची: ज्वारी, गहू, तांदूळ, तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, तेल, मीठ, गूळ, साखर, चहापूड, हळद, तिखट. या याद्या करताना हाताशी पैसे किती आणि खोलीत जागा किती, एवढाच हिशेब बहुधा होतो. त्याच्या आधीचा एक हिशेब आहे. माणसाने आपल्या घरात किती साठवावे, आणि साठवलेल्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क असतो? वैदिक, बौद्ध, जैन आणि वारकरी या चारही परंपरांनी यावर गांभीर्याने विचार केला आहे. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले अकलूज हे या प्रश्नासाठी योग्य गाव आहे. नीरेच्या काठचे हे गाव 2021 मध्ये नगरपरिषद झाले. तोवर तिथे ग्रामपंचायतच होती. सहकारी साखर कारखाना, महाविद्यालये, दवाखाने आणि बँका यांच्यामुळे आसपासच्या खेड्यांतली तरुण माणसे इथे नोकरीला येतात आणि भाड्याच्या दोन खोल्यांत किंवा नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा स्वतःची चूल मांडतात. गावाकडच्या घरात कणगी, उतरंड, पाटा-वरवंटा, सासूच्या हातचा काळा मसाला आणि कोणी ना कोणी जेवायला असतेच. इथे ओटा रिकामा असतो आणि खाणारे एक किंवा दोघे. एकत्र घरात साठवणीचे आणि वाटणीचे नियम वडीलधाऱ्यांच्या सवयीत मुरलेले असतात, कोणाला त्यांचा विचार करावा लागत नाही. नव्या घरात ते पहिल्यापासून ठरवावे लागतात.

साधनांपासून सुरुवात केली तर एक जुनी यादी धर्मशास्त्रात सापडते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, वाटण्या-दळण्याचे साधन, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात. चुलीत लाकडातले किडे जळतात, पाट्याखाली आणि मुसळाखाली चिरडतात, केरसुणीने मुंग्या मरतात, घड्यातल्या पाण्यात आणि घड्याखाली जीव जातात. एरवी घर कितीही सात्त्विक असो, मांसमच्छी कधी शिजत नसो, या पाच जागी हिंसा घडतेच. आणि ही यादी म्हणजेच त्या काळच्या किमान स्वयंपाकघराची यादी आहे. यातले एकही साधन वगळून घर चालत नव्हते. म्हणजे शास्त्रकाराचा सिद्धांत असा, की घर मांडणे आणि कोणाचे तरी देणे लागणे या दोन गोष्टी एकाच क्षणी सुरू होतात. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. जी वस्तू हिंसेच्या यादीत आहे तीच पूजेच्या पाटावर बसते, आणि सामान्य बाईने यात कधी विसंगती पाहिलेली नाही. जे राबते आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याला इजा होते, त्याच्याशी आदराने वागावे, एवढे तिला पुरते.

आजच्या फ्लॅटमध्ये ही पाच ठिकाणे बदलली आहेत. जाते गिरणीत गेले, पाट्याची जागा मिक्सरने घेतली, उखळ भात-गिरणीच्या यंत्रात लपले, चुलीच्या जागी 14.2 किलोचा सिलिंडर आला. यामुळे हिंसा घटली असे म्हणता येणार नाही. ती नजरेआड गेली. अकलूजच्या ओट्यावरचा साखरेचा डबा हे याचे जवळचे उदाहरण आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या पट्ट्यात येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, पाचट सोलायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, आणि रात्री पालापाचोळ्याच्या खोपीत तीन दगडांवर भाकरी भाजायची. कारखान्याच्या चिमणीपासून थोड्याच अंतरावर हे चालते. मनूच्या यादीचा अर्थ आजच्या घरासाठी प्रामाणिकपणे लावायचा तर मरणाऱ्या मुंग्यांबरोबर झिजणारी माणसेही तिच्यात धरावी लागतील, आणि साखरेचा डबा सहावी सूना ठरेल.

या देण्याची फेड म्हणून शास्त्राने पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, प्राणिमात्रांसाठी बली आणि अतिथीचा सत्कार. यातले शेवटचे दोन थेट स्वयंपाकघरातून निघतात. गोग्रास, काकबळी, ताटाभोवती ठेवायच्या चित्राहुती हे त्यांचेच घरोघर उरलेले अवशेष आहेत. विचाराची दिशा महत्त्वाची आहे. हिंसा होते म्हणून स्वयंपाक थांबवा, असे शास्त्र सांगत नाही. शिजवलेले वाटा, असे सांगते.

या व्यवस्थेत दोन मोठ्या त्रुटी होत्या आणि त्या सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. पहिली स्त्रियांबाबतची. पाचही ठिकाणी हात बाईचा आणि पाचही यज्ञांचा कर्ता पुरुष. तिने दळले, कांडले, झाडले, पाणी आणले. पुण्याच्या खात्यावर नाव त्याचे पडले. त्याच मनुस्मृतीत नवी सून, लहान मुली, आजारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना पाहुण्याच्याही आधी वाढावे असे सांगितले आहे. प्रत्यक्षात मराठी घरातली बाई सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खात आली. तिने आपले चिंतन जात्यावर केले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, सीता आहे, बाबासाहेब आहेत. शास्त्राने ज्या जागेला हिंसास्थान म्हटले तिथे बसून बायकांनी एवढी मोठी भक्तिरचना केली, ही गोष्ट मराठी धर्मविचारात अजून पुरेशी मोजलेली नाही.

दुसरी त्रुटी जातीची. अतिथी कोण हे जात पाहून ठरत होते आणि पाचव्या सूनेचे, पाण्याचे, दार कोट्यवधी माणसांना बंद होते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पंचसूनेचा विचार ज्या ग्रंथात आहे तोच हा ग्रंथ. मुंगीच्या मरणाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला तहानलेल्या माणसाचा हिशेब ठेवता आला नाही. हा दोष तपशिलाचा नाही, पायाचा आहे. त्यातला देण्याचा विचार आज घ्यायचा असेल तर तो या दहनानंतरचा म्हणून घ्यावा लागतो: ज्याचे देणे लागतो त्याची जात विचारण्याचा अधिकार घराला नाही, या अटीवर.

आता दुसरी यादी, किराण्याची. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आणि याज्ञवल्क्य स्मृतीतही ब्राह्मण गृहस्थाच्या चार पायऱ्या दिल्या आहेत. एकाकडे कोठारभर धान्य, दुसऱ्याकडे मडकेभर, तिसऱ्याकडे तीन दिवसांपुरते, आणि चौथ्याकडे उद्याचेही नाही. कोठार किती दिवसांचे आणि मडके किती दिवसांचे, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. क्रम मात्र स्पष्ट आहे: ज्याची साठवण कमी तो श्रेष्ठ. उद्याची चिंता न करणारा सर्वांत वरचा.

याच्या अगदी उलट सूर तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत लागतो. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, आणि अन्न पुष्कळ करावे असे तिथे व्रत म्हणून सांगितले आहे. पुष्कळ कशासाठी, याचेही उत्तर लगेच मिळते: राहायला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये म्हणून. उपनिषदाच्या दृष्टीने रिकामा डबा हा वैराग्याचा पुरावा ठरत नाही. दारी आलेल्याला द्यायला काही नसेल तर त्या वैराग्याची किंमत आलेला माणूस मोजतो. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातली मुंगसाची कथा हाच पेच टोकाला नेते. कुरुक्षेत्री दुष्काळात शेतातले दाणे वेचून खाणाऱ्या कुटुंबाकडे थोडेसे सातूचे पीठ असते. अतिथी येतो, आधी बाप, मग आई, मग मुलगा, शेवटी सून आपापला वाटा देतात. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे होते, आणि युधिष्ठिराच्या यज्ञात उरलेले अर्धे होत नाही. कथा दानाची थोरवी सांगते आणि ती खरी आहे. तरी उपाशी सुनेचा वाटा काढून घ्यावा लागेल इतका रिता संसार आदर्श म्हणून कोणी मांडू नये. घरात मूठभर जास्तीचे असणे हा लोभ नव्हे.

बौद्ध संघाने हा प्रश्न नियमांत बांधला. भिक्खूने आज मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवून खाल्ले तर तो पाचित्तिय दोष. औषध म्हणून तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ठेवता येई, तेही सात दिवसच. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली. तिथे वादाला आलेल्या दहा मुद्द्यांतला पहिला मुद्दा मिठाचा होता: पुढे जेवणात लागेल म्हणून शिंगात मीठ भरून जवळ ठेवावे का? ठेवू नये, असा निर्णय झाला. चिमूटभर मिठासाठी एवढा खल कशाला, हा प्रश्न सहज मनात येतो. पण साठवणीची सुरुवात नेहमी अशाच निरुपद्रवी वस्तूपासून होते. मीठ ठेवले तर मिरची का नको, मिरची ठेवली तर डाळ का नको. संघाला ती पहिली पायरीच नको होती, कारण भिक्खूने रोज लोकांच्या दारी जावे आणि लोकांनी रोज त्याला पाहावे, यावर संघ आणि समाज यांचे नाते उभे होते. गृहस्थ उपासकाला मात्र हा नियम नाही. उलट त्याने घरात शिजवले तरच भिक्खूच्या पात्रात पडते. 1956 च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात जी लाखो बौद्ध घरे झाली ती सर्व गृहस्थांची आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकघराला लागू होतो तो दानाचा विचार.

गृहस्थासाठी सर्वांत व्यवहार्य नियम जैनांनी दिला. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात, माणसाने आपल्या मालकीची मर्यादा स्वतःच आधी ठरवायची असते. जमीन-घर, सोने-चांदी, धन-धान्य, नोकरचाकर आणि कुप्य म्हणजे भांडीकुंडी, कपडालत्ता असे सामान, ही त्याची वर्गवारी. धान्य आणि भांडी दोन्ही त्यात येतात, म्हणजे पहिल्या स्वयंपाकघराच्या दोन्ही याद्या. आकडा शास्त्र देत नाही. ज्याचा त्याने ठरवायचा. एकदा ठरवला की ओलांडायचा नाही. सोलापूर जिल्ह्यात हा विचार परका नाही. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाची जीवराज ग्रंथमाला प्राकृत-संस्कृत जैन ग्रंथ काढण्यासाठी अभ्यासकांत नावाजलेली आहे. हिंसेबाबतही जैनांची रीत मनूपेक्षा वेगळी आहे. हिंसा होऊन गेल्यावर फेड करण्यापेक्षा ती होऊ नये म्हणून आधी जपायचे: पाणी गाळून घ्यायचे, धान्य निवडून घ्यायचे, सूर्यास्ताआधी जेवायचे.

धान्य निवडण्याच्या याच कामात साठवण आणि हिंसा हे दोन प्रश्न एकमेकांना येऊन मिळतात. दोन माणसांच्या घराला महिन्याला आठ-दहा किलो ज्वारी-गहू पुरतो. गावाकडून हौसेने आणलेले ज्वारीचे पोते फ्लॅटच्या बंद, दमट खोलीत पावसाळा काढते तेव्हा आतून सोनकिडे आणि टोके धरतात, पोत्याच्या कडेला पिठासारखी भुकटी जमते, तांदळात जाळी होते. मग ते गच्चीवर उन्हात घालायचे, चाळायचे, पाखडायचे. चाळणीच्या तळाशी शेकडो किडे वळवळतात आणि उन्हात मरतात. महिन्यापुरते धान्य घेतले असते तर हे किडे जन्मालाच आले नसते. जुन्या घरांत हे टाळायचे उपाय होते: उन्हाळ्यात कडकडीत वाळवण, कणगीत कडुनिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात. तेही मोठ्या, हवेशीर घराचे आणि बाईच्या अखंड राबण्याचे उपाय होते. पिठाचे तर त्याहून अवघड. ज्वारीचे पीठ फार दिवस राहिले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा चिरतात, परातीतून उचलताना तुटते. आठवड्याला दळण आणणारे घर या बाबतीत आपोआप व्रतस्थ राहते. वाजवीपेक्षा जास्त साठवणे हा दुसऱ्याच्या वाट्याचा प्रश्न तर आहेच, तो जीवहत्येचाही आहे, ही गोष्ट शास्त्रांनी वेगवेगळ्या अध्यायांत सांगितली. डब्यात ती एकत्र दिसते.

असे असूनही सोलापूर जिल्ह्यात साठवणीची ओढ खोलवर आहे, आणि तिला कारण आहे. हा पर्जन्यछायेचा, दुष्काळाचा मुलूख. भाटघरचे धरण आणि नीरेचा उजवा कालवा झाल्यावर माळशिरस तालुक्याच्या काही भागाला पाणी मिळाले, 1930 च्या दशकात माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला, आणि ज्वारीच्या रानांत ऊस आला. तरी 1972 चा दुष्काळ, रेशनची लाल मिलो आणि सुकडी पाहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. मुलीच्या नव्या घरी पहिल्यांदा आलेली आई ओट्याखालचे डबे उघडून पाहते आणि ‘एवढंच?’ म्हणते, तेव्हा त्यामागे भूक पाहिलेल्या माणसाची भीती असते. ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याने त्या भीतीला दिलेले उत्तर मराठी मनाने पाचशे वर्षे जपले आहे. बिदरच्या बादशहाच्या धान्यकोठारावर अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडून धान्य लोकांना वाटले, आणि शिक्षेची वेळ आली तेव्हा पंढरीचा विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची सर्व रक्कम भरून पावती घेऊन आला, अशी कथा आहे. कथेत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. कोठार होते म्हणून वाटता आले, म्हणजे साठवण वाईट ठरत नाही. कोठार दामाजींचे नव्हते, तरी भुकेल्यांचा हक्क मालकाच्या हक्काच्या वर गेला. आणि देणे फेडायला देव आला तो त्या गावाने शिवेबाहेर ठेवलेल्या माणसाच्या रूपात. मनूच्या मांडणीत जी त्रुटी होती ती या लोककथेने आपल्या पद्धतीने भरून काढली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अकलूजच्या किराणा दुकानात ‘मंगळवेढ्याची मालदांडी’ म्हणून चार पैसे जास्त देऊन ती घेतली जाते.

भांड्यांच्या बाबतीत मर्यादेचा विचार गाडगे महाराजांनी जितका ताणला तितका क्वचितच कोणी ताणला असेल. जेवायला आणि पाणी प्यायला तेच एक मातीचे गाडगे. त्यांच्या कीर्तनातला उपदेश असा होता की भांडी मोडून, हातावर भाकरी घेऊन खाल्ली तरी चालेल, पण मुलाला शिकवल्याशिवाय राहू नये. त्याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी हजारोंच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी एक गाडगे आणि लोकांसाठी मोठाली पातेली, हा हिशेब त्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसतो. पहिल्या स्वयंपाकघरासाठी त्यातून निघणारा निकष साधा आहे. स्वतःच्या सोयीची वस्तू जितकी कमी तितके चांगले: भाजी करायला एक कढई पुरते, तिच्यातच फोडणी होते, तिच्यातच शिरा होतो. दुसऱ्यासाठी लागणारी वस्तू मात्र गरजेपेक्षा एक-दोन जास्त असावी. एकट्याने राहणाऱ्या माणसाच्या ओट्यावर सँडविच टोस्टर, ज्यूसर, अंडी उकडायचे यंत्र असते आणि ताट एकच असते, तेव्हा यादी उलटी झालेली असते. रुखवतात आणि आहेरात ताट-वाट्या सहाच्या किंवा बाराच्या संचाने देण्याची पद्धत यामुळेच शहाणपणाची आहे. लग्नात आईकडून येणारी पितळेची छोटी अन्नपूर्णा देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीत बसवतात. भाड्याच्या खोलीत देव्हारा म्हणून भिंतीवरची फळी असली तरी ती वाटी रिकामी ठेवत नाहीत.

एकट्याने जेवण्याचा प्रश्न फ्लॅटमध्ये रोजचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दानाच्या सूक्ताने एकट्याने खाणाऱ्याला पापाचा धनी म्हटले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, फक्त स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात असे सांगितले आहे. विनोबांच्या ‘गीताई’मुळे 1932 नंतर हा विचार मराठी घरांत शाळकरी मुलांपर्यंत पोचला. शब्दशः घेतला तर तो रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेवर अन्याय करतो. तिने बारा वाजता कुकर लावून वरणभात खाल्ला, तर त्यात पाप कोणते? गीतेचा रोख शिजवण्यामागच्या हेतूवर आहे. ज्या शरीराने ती रात्रभर दुसऱ्यांची शुश्रूषा करते ते टिकवण्यासाठी शिजवलेले अन्न केवळ तिचे उरत नाही. दोष येतो तो आपल्या जेवणात दुसरा कोणी असू शकतो ही शक्यताच मनातून काढून टाकण्याने. मूठभर डाळ जास्त टाकणे ही त्या शक्यतेची किमान खूण आहे. शेजारच्या खोलीतला परीक्षेचा विद्यार्थी, जिन्यात बसलेला रखवालदार, सकाळी येणारी कामवाली यांपैकी कोणी ना कोणी रोज असतेच.

अकलूजला वर्षातून एक दिवस ही शक्यता साऱ्या गावाच्या दारात उभी राहते. तुकाराम महाराजांची पालखी, जिची परंपरा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केली असे मानतात, नीरेपलीकडच्या सराटीला मुक्काम करते. सकाळी पादुकांना नीरास्नान होते, पूल ओलांडून सोहळा सोलापूर जिल्ह्यात शिरतो, अकलूजला गोल रिंगण होते आणि पालखी इथेच मुक्कामाला राहते. दुसऱ्या दिवशी माळीनगरला उभे रिंगण. दिंड्यांचा स्वतःचा शिधा आणि स्वयंपाकी असतात. तरी गावातली घरे आदल्या रात्रीपासून भाकरी थापू लागतात, पिठले, शेंगांची चटणी, ठेचा करतात. इमारतीतली भाड्याची बिऱ्हाडेही त्यात असतात: दोन शेगड्यांच्या गॅसवर एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला पिठल्याची कढई, शेजारणींनी पीठ एकत्र केलेले, भाकरी कागदावर गार करायला पसरलेल्या, मग फडक्यात बांधून खाली. एरवी चौथ्या पायरीवरचे, उद्याचे धान्य नसलेले घर या दिवशी उपयोगाचे नाही. उपनिषदातले पुष्कळ अन्न करणारे घर लागते. आणि वारकऱ्याला वाढताना तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे विचारायची रीत नाही.

वर्षाच्या इतर दिवशी ही रीत टिकते का, याची परीक्षा स्वयंपाकघराच्या दारातच होते. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न आधी भुकेल्या महारांना वाढले ही कथा मराठी मुलांना लहानपणीच कळते. 1 मे 1947 पासून दहा दिवस साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडे झाले. देवाचे दार उघडले तरी घरातल्या सोवळ्याच्या चुलीची जागा पुढेही कित्येक वर्षे बंद राहिली. ती मोडली फ्लॅटच्या रचनेने. उभ्याचा ओटा, हॉलला लागून असलेले दार नसलेले स्वयंपाकघर, एकच नळ आणि एकच सिंक. या जागेत पाहुणा आला की तो ओट्याशीच उभा राहून बोलतो, स्वतःच्या हाताने माठातले पाणी घेतो. जुन्या घरात जे सुधारकांना घडवता आले नाही ते बांधकामाच्या नकाशाने निम्मे घडवले. उरलेले निम्मे भाडेकराराच्या तोंडी अटींत अडकलेले असते: आडनाव विचारणे, ‘मांसमच्छी चालणार नाही’ असे बजावणे, कोणाला खोली नाकारणे. आपल्या घरी काय शिजावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याची चूल पेटूच नये म्हणून तो वापरणे मात्र अतिथीला दारातून परतवण्यासारखेच आहे, आणि त्याला उपनिषदाच्या व्रतात किंवा वारकऱ्यांच्या रीतीत आधार सापडत नाही.